जिल्हा गेला, कारभार राहिला : पश्चिम खानदेश आणि साक्रीच्या सोळा चटकदार गोष्टी

साक्री, पिंपळनेर किंवा निजामपूर भागातल्या एखाद्या जुन्या घराची ट्रंक उघडा. पिवळ्या पडलेल्या दाखल्यावर, खरेदीखतावर किंवा पोस्टकार्डावर पत्ता असेल : तालुका साक्री, जिल्हा पश्चिम खानदेश. हा जिल्हा आज नकाशावर नाही. १९०६ साली तो जन्मला आणि महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारास त्याचं नाव मिटलं. पण त्याने घालून दिलेले रस्ते, शाळा, विहिरी आणि कारभाराच्या सवयी साक्रीत अजून जागोजाग आहेत. त्याच जिल्ह्याच्या आणि त्यातल्या एका तालुक्याच्या या सोळा गोष्टी.

१. सात गोवे मावतील एवढा एक जिल्हा

१९०६ पूर्वी ‘खानदेश’ हा एकच जिल्हा होता आणि त्याचं क्षेत्रफळ होतं १०,०४१ चौरस मैल. आजचं अख्खं गोवा राज्य त्यात सात वेळा बसेल. तेही १८६९ साली बागलाण, मालेगाव आणि नांदगाव हे तालुके काढून नव्या नाशिक जिल्ह्याला दिल्यानंतर! एवढा मुलूख धुळ्याच्या एका कलेक्टराने सांभाळायचा, तोही घोड्यावरून आणि तंबूत मुक्काम करत. अखेर १९०६ मध्ये त्याचे दोन भाग झाले. पूर्व खानदेशचं ठाणं जळगाव, पश्चिम खानदेशचं धुळे. साक्रीचा परिसर अर्थातच पश्चिमेकडे आला.

२. जमीन इकडे, माणसं तिकडे

या वाटणीतले आकडे मोठे बोलके आहेत. पश्चिम खानदेशला मिळाले ५,४९७ चौरस मैल आणि पूर्वेला ४,५४४. म्हणजे जमिनीत पश्चिम मोठा. पण १९०१ च्या खानेसुमारीप्रमाणे लोकसंख्या पश्चिमेत ४,६९,६५४ आणि पूर्वेत ९,५७,७२८, म्हणजे दुपटीहून जास्त! पूर्वेत मैलामागे २१० माणसं, तर पश्चिमेत जेमतेम ८५. पूर्वेकडे तापीकाठची काळी कसदार जमीन आणि कापसाच्या पेठा, तर पश्चिमेकडे सातपुडा, सह्याद्रीचे फाटे, डोंगर-जंगल आणि विखुरलेले पाडे. इथे रस्ता न्यायचा किंवा शाळा काढायची म्हणजे खर्च जास्त आणि कर देणारे हात कमी. पश्चिम खानदेशच्या कारभाराची पुढची सगळी ओढाताण या दोन आकड्यांत दिसते.

३. ब्रिग्जने निवडलेलं धुळे

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. पहिला कारभारी म्हणून आला कॅप्टन जॉन ब्रिग्ज. त्याने मुख्य ठाण्यासाठी धुळं निवडलं, कारण ते मुलखाच्या मध्यावर होतं आणि मुंबईहून आग्र्याकडे, सुरतेकडे जाणाऱ्या वाटा तिथे जवळ होत्या. त्याआधी १८०३ च्या दुष्काळात धुळं जवळजवळ ओस पडलं होतं. ब्रिग्जने नवी पेठ आखली, सरळ रस्ते काढले, व्यापाऱ्यांना बोलावून वसवलं. धुळ्यात आजही पत्ता सांगताना ‘गल्ली नंबर चार’, ‘गल्ली नंबर पाच’ असं सांगतात. साक्रीकरांची कोर्टकचेरी, बाजार आणि दवाखाना पुढे पिढ्यान्‌पिढ्या याच पेठेभोवती फिरला.

४. तालुक्याचं नाव एक, कचेरी दुसरीकडे

१८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये साक्री तालुका शोधू नका, सापडणार नाही. तिथे आहे पिंपळनेर तालुका! पांझरेकाठचं पिंपळनेर हे जुनं, डोंगरवाटेवरचं गाव. पुढे मामलेदाराची कचेरी कान नदीकाठच्या साक्रीला आली, तरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही सरकारी कागदोपत्री तालुक्याचं नाव पिंपळनेरच चालत होतं. म्हणजे दप्तर साक्रीत, नाव पिंपळनेरचं. हळूहळू तालुक्याने कचेरीच्या गावाचंच नाव घेतलं. पिंपळनेर मात्र बाजारपेठ म्हणून आपल्या जागी भक्कम राहिलं.

५. हरवलेले तालुके

पिंपळनेर एकटं नाही. त्या काळच्या खानदेशातल्या सोळा तालुक्यांच्या यादीत विरदेल, नशिराबाद आणि सावदा ही नावंही आहेत. आज विरदेलच्या जागी शिंदखेडा आहे, नशिराबादच्या जागी जळगाव आणि सावद्याच्या भागात रावेर-यावल. कुठे कचेरी हलली, कुठे नव्या वाटांवर नवी गावं मोठी झाली. तालुक्याचा मान कायमचा नसतो, तो हलतो, हे खानदेशाएवढं ठळकपणे क्वचितच दिसतं.

६. रुपयामागे एक आणा

ग्रामीण भागाच्या स्वतःच्या कारभाराची मुळं या एका आण्यात आहेत. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयावर एक आणा, म्हणजे सोळावा हिस्सा, जादा उपकर घेणं सुरू झालं. १८६९ च्या कायद्याने त्याला पक्कं रूप दिलं. लोक त्याला ‘लोकल फंड’ म्हणत. या पैशाचे दोन तृतीयांश रस्त्यांसाठी आणि एक तृतीयांश शाळांसाठी राखून ठेवायचे, असा दंडक होता. जोडीला नदीवरच्या नावेचं भाडं, रस्त्यावरचा टोल, शाळेची फी आणि कोंडवाड्याचा दंडही याच तिजोरीत जाई. म्हणजे मोकाट बैल कोंडवाड्यात गेला, की मालकाच्या दंडातून चार पैसे गावाच्या कामी येत! साक्री-पिंपळनेरच्या कोरडवाहू शेतकऱ्याने भरलेल्या त्या आण्यावरच इथल्या कितीतरी शाळा उभ्या राहिल्या.

७. पहिलं मत, पण अर्धंच

१८८२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव केला आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा कायदा आला. आता दोन मजले झाले : तालुक्याला तालुका लोकल बोर्ड आणि जिल्ह्याला डिस्ट्रिक्ट लोकल बोर्ड. किमान निम्मे सभासद निवडून आलेले असावेत, अशी अट होती. तरी मतदार मोजकेच होते आणि जिल्हा बोर्डाचा अध्यक्ष खुद्द कलेक्टर! पूर्ण गाव इनाम असलेल्या इनामदारांसाठी वेगळी जागा होती. सामान्य कुळाला, शेतमजुराला, बाईमाणसाला त्यात थारा नव्हता. तरीही गावच्या रस्त्याबद्दल गावचा माणूस अधिकाऱ्यासमोर बसून बोलू शकतो, ही सुरुवात तिथेच झाली. १९२३ च्या नव्या कायद्यानंतर मतदारांचा परीघ रुंदावला आणि बोर्डं सरकारी अध्यक्षांच्या हातून सुटू लागली.

८. बोर्डाची शाळा, बोर्डाची विहीर

लोकल बोर्ड काय करायचं? रस्ते बांधायचं आणि त्यांच्या कडेला झाडं लावायचं. विहिरी, धर्मशाळा, बाजारतळ, दवाखाने बघायचं. देवीची लस टोचणारे कर्मचारी खेडोपाडी पाठवायचं. आणि सर्वांत मोठं काम म्हणजे प्राथमिक शाळा. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात मूल घरी अहिराणी, कोकणी, मावची किंवा भिलोरी बोलायचं आणि बोर्डाच्या शाळेत पुस्तकी मराठी शिकायचं. ‘बोर्डाची शाळा’ हे शब्द बोर्ड बरखास्त झाल्यावरही म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी कितीतरी वर्षं टिकले.

९. दातर्तीचा तरुण इंजिनिअर

भारतरत्न मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हटलं की कृष्णराजसागर आठवतं. पण त्यांच्या नोकरीची सुरुवात याच मुलखात झाली! १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर झाले आणि नाशिक-धुळे भागात आले. साक्री तालुक्यातल्या दातर्तीजवळ पांझरेच्या पाटासाठी नळाचा सायफन बांधायचं काम या तेविशीच्या आसपासच्या तरुणावर आलं. ऐन पावसाळा, नदीला पूर. काम पुढे ढकलावं असं त्यांनी सुचवलं, तेव्हा वरिष्ठ नाराज झाले. मग पुराशी झगडत त्यांनी काम तडीला नेलं. नाला, ओढा आडवा आला तरी पाणी नळातून त्याच्या खालून पलीकडे काढायचं, अशी ही युक्ती. नदीचा आणि पाटाचा पहिला धडा त्यांनी पांझरेकाठी गिरवला, याचा साक्रीकरांनी अभिमान बाळगायलाच हवा.

१०. फड : सरकारच्या आधीचं पाणी-सरकार

पांझरेच्या काठावर लोकल बोर्डाच्या कितीतरी आधीपासून लोकांचं स्वतःचं पाणी-मंडळ होतं. त्याचं नाव फड. किमान तीनशे वर्षांची ही पद्धत. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे, म्हणजे फड. एका फडात एका वेळी एकच पीक. एका फडात ऊस, दुसऱ्यात बागायती धान्य, आणि वर्षागणिक पाळी बदलायची. प्रत्येक घराची जमीन शक्यतो सगळ्या फडांत थोडी थोडी असायची. त्यामुळे पाणी कमी पडलं आणि एक फड कोरडा ठेवावा लागला, तर तोटाही सगळ्यांना सारखा!

पाणी सोडायला आणि पाट दुरुस्त ठेवायला पाटकरी, देखरेखीला हवालदार, पीक राखायला जागल्या. त्यांचा मोबदला लोकच देत, बहुधा धान्याच्या रूपात. साफसफाईला प्रत्येक घरातून माणूस जाई. भांडण झालं तर पंच बसत आणि निकाल देत. धरणं आली, विहिरींना मोटारी लागल्या, तसे बरेच फड मोडले. तरी पाणीवाटपाचा अभ्यास करणारे आजही पांझरेकाठी येतात, कारण टंचाई न्यायाने कशी वाटून घ्यायची याचं इतकं साधं उत्तर फार ठिकाणी सापडत नाही.

११. पिंपळनेरचं सुगंधी तेल

जुन्या खानदेशातून बाहेर जाणाऱ्या मालात रोशा गवताचं तेल हा मोलाचा जिन्नस होता. डोंगरउतारावरचं हे सुवासिक गवत फुलोऱ्यावर आलं की कापायचं, मोठ्या भांड्यात पाण्यासोबत उकळायचं आणि वाफ थंड करून तेल वेगळं काढायचं. पिंपळनेर आणि नंदुरबार ही या धंद्याची नावाजलेली ठिकाणं. सांधेदुखीवर चोळायला आणि अत्तरात मिसळायला या तेलाला मागणी होती. डोंगरातल्या गवताचा वास इथून थेट परदेशी पेठांपर्यंत पोहोचत होता.

१२. शेजारी डांग, कारभारी धुळ्याचा

आज गुजरातेत असलेला डांगचा मुलूख एकोणिसाव्या शतकात खानदेशच्या कलेक्टरच्या देखरेखीखाली होता. १८४२ मध्ये इंग्रजांनी तिथल्या भिल्ल राजांकडून जंगल भाडेपट्ट्याने घेतलं. डांगचा साग जहाजबांधणीसाठी सोन्यासारखा होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डांग सुरतेकडे गेलं, पण साक्रीच्या पश्चिम वेशीवरच्या सोयरिकी, बाजार आणि बोली सरहद्दीच्या रेषेने तुटल्या नाहीत. अशी सरहद्द फक्त सरकारी नकाशात असते, लोकांच्या पायांना ती माहीत नसते.

१३. चिमठाण्याचा खजिना

पश्चिम खानदेशच्या इतिहासातला सर्वांत थरारक दिवस म्हणजे १४ एप्रिल १९४४. धुळ्याहून नंदुरबारकडे जाणारा सरकारी खजिना चिमठाण्याजवळ स्वातंत्र्यसैनिकांनी अडवला आणि सुमारे साडेपाच लाख रुपये ताब्यात घेतले. या धाडसात साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी होते. साताऱ्यातली खेडी त्या वेळी स्वतःच कोर्ट चालवत, स्वतःच न्याय देत होती. गावाने गावाचं राज्य चालवायचं, या प्रयोगाला पैसा मिळाला तो खानदेशच्या रस्त्यावर!

१४. गेलेलं तालुका-राज्य परत आलं

१९३८ च्या दुरुस्तीने तालुका लोकल बोर्डं बंद झाली आणि सगळा भार जिल्हा बोर्डावर आला. पिंपळनेरच्या डोंगरातल्या विहिरीचा प्रश्न थेट धुळ्यात जायचा! हा मधला मजला तब्बल चोवीस वर्षं रिकामा राहिला. मग स्थानिक कारभार कसा असावा हे ठरवायला समित्या बसल्या : १९५७ ची बलवंतराय मेहता समिती, आणि महाराष्ट्रात २७ जून १९६० रोजी नेमलेली वसंतराव नाईक समिती. नाईक समितीने पुढच्या वर्षी अहवाल दिला, त्यावर १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. जिल्हा लोकल बोर्ड इतिहासजमा झालं. साक्रीला मात्र पंचायत समितीच्या रूपाने आपला मधला मजला परत मिळाला.

महाराष्ट्राने इथे एक वेगळं पाऊल टाकलं. मेहता समितीचा भर तालुका पातळीवर होता, तर नाईक समितीने खरी ताकद जिल्हा परिषदेला दिली. शाळा, आरोग्य, लघुपाटबंधारे आणि शेती अशी खाती निवडून आलेल्या जिल्हा सभागृहाच्या हाती आली. बोर्डाच्या शाळा एका दिवसात झेडपीच्या शाळा झाल्या. फळ्यावरचं नाव बदललं, गुरुजी आणि मुलं तीच!

१५. रेल्वे नाही, पण वाटांची कमी नाही

१९०० साली धुळे-चाळीसगाव रेल्वे सुरू झाली, तापी खोऱ्यातून सुरतेची गाडी आली, पण साक्रीला रूळ काही मिळाले नाहीत. आजतागायत नाहीत. म्हणूनच इथे रस्त्यांना इतकं मोल. सुरतेहून येणारी जुनी वाट कोंडाईबारीचा घाट चढून साक्रीवरून धुळ्याकडे जाते आणि तीच आज सुरत-नागपूर राष्ट्रीय महामार्ग आहे. या वाटांचं वय सांगणारे दगडही तालुक्यात आहेत. निजामपूरजवळ भामेरचा किल्ला आणि त्याच्या पोटातली लेणी. बळसाण्याची प्राचीन दगडी देवळं, आणि तिथलंच जैन तीर्थ. ज्या वाटेवर एवढी देवळं आणि किल्ले उभे राहतात, ती वाट शतकानुशतकं भरलेली असते.

१६. वारा, ऊन आणि बारीपाड्याचं जंगल

पश्चिम खानदेश गरीब ठरला तो डोंगर, वारा आणि कडक उन्हामुळे. आज त्याच गोष्टी साक्रीची श्रीमंती होऊ पाहतात. ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्यांची रांग लागली आहे. शिवाजीनगर इथे महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये उभा राहिला.

पण साक्रीचं सर्वांत लखलखीत उदाहरण यंत्राचं नाही, माणसांचं आहे. बारीपाडा या छोट्या आदिवासी पाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने उजाड डोंगर राखायचं ठरवलं. नियम गावानेच केले, दंड गावानेच ठरवला, राखणही गावानेच केली. आज तिथे ४०० हेक्टरांहून अधिक जंगल उभं आहे, झरे वाहतात आणि पावसाळ्यानंतर भरणाऱ्या वनभाजी स्पर्धेत बाया रानातल्या भाज्यांचे एकाहून एक प्रकार रांधून आणतात. २०२५ मध्ये चैत्राम पवार यांना पद्मश्री मिळाली. फडाच्या पंचांनी जे पाण्याचं केलं, तेच बारीपाड्याने जंगलाचं केलं.

तर मग, जिल्हा खरंच गेला का?

कागदावर तो गेला. पश्चिम खानदेशाचा धुळे जिल्हा झाला, आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार वेगळा निघाला. शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा, धडगाव तिकडे गेले, साक्री धुळ्यात राहिली. खुद्द साक्री गावातही ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. बोर्ड, परिषद, समिती, पंचायत : पाट्या बदलत राहिल्या.

काम मात्र दीडशे वर्षं तेच आहे : रस्ता, शाळा, पाणी, दवाखाना. आणि या सगळ्या गोष्टींत एक धागा पक्का आहे. जिथे लोकांनी हिशेब मागितला, पाळी ठरवली, राखण केली, तिथे कारभार टिकला. जिथे ते काम वरच्या कचेरीवर सोपवून लोक घरी बसले, तिथे बंधारे गाळाने भरले आणि शाळा गळू लागल्या. १८८४ मध्ये आपल्या पणजोबांना अर्धं मतही क्वचित मिळत होतं, पणजीला तर अजिबात नाही. आज महाराष्ट्रात पंचायतींच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत, आणि मतदारयादीत नाव असलेल्या प्रत्येकाला ग्रामसभेत उभं राहून खर्चाचा जाब विचारता येतो. कायद्याप्रमाणे वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. तुमच्या गावची पुढची ग्रामसभा कधी आहे ते आजच विचारून घ्या, आणि जाताना आपल्या शाळेच्या छपराचा, आपल्या पाटाच्या दुरुस्तीचा एक तरी प्रश्न लिहून घेऊन जा.